कुऱ्हाडवाल्याला हो म्हणण्याआधी

अगं, ‘दारातला आंबा काढूनच टाकू या’ हे तू फोनवर इतक्या झटकन म्हणालीस, की मला त्यावर लगेच काही सुचलंच नाही. म्हणून आता निवांत बसून लिहितेय.

सासूबाई घाबरल्यात, ते मला अगदी पटतं. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्या त्याच घरात होत्या. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा होता. वाडीतल्या नारळी-पोफळी एकामागून एक आडव्या होताना ज्यांनी ऐकल्यात, त्यांना कौलांवर फांदी घासल्याचा आवाज झोपू देत नाही. तेव्हा ‘काही होत नाही हो आई’ असं म्हणून त्यांना गप्प करू नकोस. होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यात पावसानं जमीन मऊ झालेली असते, पानापानावर पाण्याचं ओझं असतं. पण भीती खरी आहे म्हणून झाडच काढायचं, हे मला मान्य नाही. कुठली फांदी घराच्या जिवावर उठलीये आणि ती उतरवताना कुणा माणसाच्या जिवावर बेतणार नाही हे कसं बघायचं, एवढंच तुला ठरवायचंय.

आधी कुणालाच बोलावू नकोस. एक सकाळ नुसती बघण्यात घालव. चहा घेऊन झाडाखाली जा आणि मान वर करण्याआधी खाली बघ. सगळ्यांची नजर आधी शेंड्याकडे जाते, पण झाड पडतं ते बहुतेक वेळा बुंध्याच्या आणि मुळांच्या दुखण्यानं. बुंध्याला चिकटून कडक, टोपीसारखी अळंबी उगवली आहेत का? असतील तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. सालीच्या भोकांतून भुसा गळतोय का? तो खोड पोखरणाऱ्या अळीचा. खोडावर लाकडी दांडक्यानं हलकेच ठोकत गोल फिर. भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड यांचा आवाज तुला न शिकवता कळेल. मग जमीन बघ. झाड एका बाजूला कललंय आणि दुसऱ्या बाजूची माती उचलल्यासारखी, भेगाळलेली दिसतेय का? तशी दिसली तर त्याच दिवशी झाड कललेल्या बाजूच्या खोलीत झोपणं बंद करायचं आणि जाणकाराला बोलवायचं. नुसतं झाड वाकडं असणं हे काही भिण्याचं कारण नाही. लहानपणापासून उजेडाकडे वळलेलं झाड तसंच मजबूत होत जातं. भीती आहे ती नव्यानं कललेल्या झाडाची.

आणि एक गोष्ट सासऱ्यांना नक्की विचार. गेल्या काही वर्षांत कंपाउंडची भिंत बांधली, सांडपाण्याचा पाइप टाकला, तेव्हा आंब्याच्या बाजूनं चर खणला होता का? झाडाची बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, तीही फांद्यांच्या सावलीच्या पलीकडपर्यंत. एका बाजूची मुळं सरळ रेषेत तोडली गेली तर वरून झाड हिरवंगार दिसतं, पण त्याचा एक दोर कापलेला असतो. अशी झाडं दोन-तीन पावसाळे काढतात आणि मग एका रात्री जातात. बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट आवळून बसवलं असेल तर निदान मीटरभर फोडून माती मोकळी करून टाक. हे काम छाटणीच्या आधीचं आहे, आणि त्याला झाडावर चढावंही लागत नाही.

आता वर बघ. वाळक्या फांद्या आधी शोध. मे महिन्यात बाकी सगळं हिरवं असताना त्या लगेच नजरेत भरतात. मोडून दुसऱ्या फांदीत अडकून राहिलेली फांदी सगळ्यात वाईट, कारण ती कधी सुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. दोन जाड फांद्या जिथे फुटतात ते बेचकं नीट बघ. ऐसपैस उघडं असेल तर चांगलं. पण अरुंद, इंग्रजी ‘व्ही’सारखं असेल आणि मधे साल आत दाबली गेली असेल, तर त्या दोन फांद्यांचं लाकूड एकमेकांत मिसळलेलंच नसतं, वादळात झाड तिथूनच उभं फाटतं. फाटकाजवळच्या तुझ्या गुलमोहरात मला हीच शंका आहे. बांडगूळ असेल तर तेही याच वेळी काढायचं, नुसती त्याची पानं खुडून नाही, ते ज्या बारीक फांदीवर बसलंय ती फांदी त्याच्या खालून कापून. घरटी बघ, आणि मोहोळ तर आधी बघ. आग्या मोहोळ असलेल्या झाडावर माणूस चढवणं म्हणजे त्याला मारायला पाठवणं. कावळ्याच्या घरट्यात या दिवसांत अंडी-पिल्लं असू शकतात. ती फांदी थोडे दिवस थांबू शकत असेल तर थांबव. बगळ्यांची वसाहत असेल तर पावसाळाभर त्या झाडाला हातच लावायचा नाही. पिल्लांसकट घरटी पाडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

हे सगळं बघून झालं की मग फांदी तोडणारा येऊ दे. तो काय म्हणेल ते मी तुला आत्ताच सांगते. ‘वहिनी, शेंडाच मारू या, म्हणजे पाच वर्षं बघायला नको.’ तू नाही म्हण. शेंडा मारलेलं झाड घाबरून धुमारे फेकतं, डझनांनी. हे धुमारे भराभरा वाढतात, पण खोडाच्या आतून आलेले नसतात, वरवर सालीपाशी चिकटलेले असतात. वरून केलेल्या त्या मोठ्या कापातून पाणी शिरून खोड कुजतं ते वेगळंच. म्हणजे आज जी एक भक्कम फांदी आहे, तिच्या जागी चार-पाच वर्षांनी कुजक्या खुंटावर उभ्या दहा जड काठ्या असतील, त्याही तुझ्या कौलांवर. एका वर्षात झाडाची चौथाईहून जास्त पानोळी काढायची नाही, हा हिशेब मनात पक्का ठेव. त्याला विरोध करायला संकोच वाटला तर सरळ माझं नाव सांग, ताईनं असंच सांगितलंय म्हणावं.

आणि हो, मजुरी ठरवताना लाकडाचं आधी बोल. ‘लाकूड मी नेतो, पैसे कमी द्या’ हा व्यवहार स्वस्त वाटतो, पण मग त्याची नजर वाळक्या काटक्यांवर राहत नाही, जाड ओल्या फांद्यांवर जाते. साहजिक आहे, त्यालाही पोट आहे. म्हणून लाकूड आपलं आणि मजुरी पूर्ण, असंच ठरव. उक्तं तर मुळीच देऊ नकोस. उक्त्या कामात माणूस घाई करतो, दोर बांधायचा कंटाळा करतो, आणि झाडावरची घाई कुणालाच परवडत नाही. रोजावर दे, दोन माणसांचा रोज दे, एक वर आणि एक खाली. दिवस जास्त लागला तर लागू दे.

कापायचं कसं, हे तुला कळायला हवं. हातात करवत तुझ्या नसेल, पण खालून ‘थांबा, तिथे नको’ म्हणायला तूच असशील. फांदी खोडातून जिथे निघते तिथे नीट बघ. खालच्या बाजूला साल जराशी फुगलेली, सुरकुतलेली दिसते, मनगटापाशी गोळा झालेल्या बाहीसारखी. ती वळी खोडाची आहे, फांदीची नाही. काप तिच्या अगदी बाहेरून यायला हवा. वळी कापली तर जखम भरत नाही, आणि हातभर खुंट ठेवला तर तो कुजून कीड थेट खोडात जाते. अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञानं हजारो झाडं चिरून आतून बघितली, तेव्हा हे नीट कळलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. ही कोंडायची ताकद त्या वळीत असते.

जाड फांदी एका दमात कधीच कापायची नाही. वरून करवत चालवली की अर्ध्यात फांदी स्वतःच्या वजनानं खाली झुकते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं वर, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं पुढे, वरून खाली. आता फांदी तुटेल ती साल न सोलता. मग उरलेला हलका खुंट वळीच्या बाहेरून तिसऱ्या कापानं सावकाश काढायचा. कोयत्यानं हे होत नाही. कोयता बोटभर फांदीला ठीक, त्यापुढे करवतच. कोयत्यानं ठेचलेली जखम बघितलीस तर तुलाच फरक कळेल, तिच्या कडा चिंध्यांसारख्या होतात आणि पाणी तिथेच धरून राहतं.

जखमेवर डांबर, ऑइलपेंट, गेरू फासायची पद्धत आहे. त्यानं कुजणं थांबत नाही. आंब्याच्या मोठ्या कापाला मात्र बोर्डो पेस्ट लावायची शिफारस कृषी विद्यापीठं करतात, बुरशीसाठी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तुला यातला दहावा हिस्सा पुरेल. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजव, मग एकत्र कर, आणि प्लॅस्टिकच्या बादलीत कर. मोरचूद लोखंडी भांडं खाऊन टाकतं.

आता ती कौलांवरची फांदी. ती नुसती कापून सोडता येणार नाही, हे तुला दिसतंच आहे. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दीड-दोनशे किलोची भरते. वर पानोळी वेगळी. ती टोकाकडून तुकड्या-तुकड्यानं उतरवायची. प्रत्येक तुकड्याला कापण्याआधी दोर, तो दोर त्याच्या वरच्या भक्कम फांदीवरून खाली, आणि खाली तो दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरायचा. वेढ्यांच्या घासण्यानं वजन तोललं जातं आणि माणूस हळूहळू दोर सोडू शकतो. नुसत्या हातात दोर धरायचा नाही, मनगटाला तर गुंडाळायचाच नाही. फांदी सुटली की हातही घेऊन जाते. दोर काथ्याचा जुना नको, नवा नायलॉनचा आण. दोर विकत घ्यायला काटकसर करू नकोस गं.

शिडीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या फांदीला शिडी टेकवली तीच फांदी कापायला घेतली, तर टोकाचा जड भाग सुटल्याबरोबर उरलेली फांदी हलकी होऊन वर उसळते, आणि शिडीचा टेकू जातो. माणूस चूक न करता पडतो. शिडी नेहमी खोडाला बांधलेली हवी, आणि तिच्यावर उभं राहून मशीनची करवत चालवायला साफ मनाई. मशीनच्या करवतीचं टोक कशाला अडलं की ती झटक्यानं तोंडाकडे उलटी येते. ती दोन्ही हातांनी आणि खांद्याच्या खालीच धरायची असते. शिडीवर तेवढी जागाच नसते.

वर चढणाऱ्याकडे पट्टा आहे का, हे पहिल्याच दिवशी विचार. ‘आम्ही तीस वर्षं असेच चढतो’ हे उत्तर येईलच. तू म्हण, ‘काका, माझ्या दारात पट्ट्याशिवाय नाही.’ पट्टा नसेल तर विकत घेऊन दे, तोही खांदे-मांड्यांसकट बांधायचा, नुसता कमरेचा नाही. हेल्मेट खालच्या माणसालाही दे. सकाळी तोंडाला दारूचा वास आला तर रोज देऊन परत पाठव, भांडू नकोस. वर लाल मुंग्यांची पानं जोडून केलेली घरटी असतील तर त्याला आधी सांग. चार मुंग्या डोळ्यापाशी चावल्या की हात सुटतो. काम चालू असताना फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर दोरी बांध आणि पोरांना त्या दिवशी शेजारी धाड. सासऱ्यांना खुर्ची टाकून दोरीच्या बाहेर बसव, म्हणजे ते ‘इकडून कापा, तिकडून कापा’ म्हणत मधे जाणार नाहीत. दुपारी वारा सुटला की काम बंद. पावसाची सर आली की काम बंद. उरलं तर उद्या.

आणि तारा. खांबावरून घरात येणारी तार एका फांदीला लागते असं तू म्हणालीस ना? मग त्या फांदीपुरतं आपण कुणीच काही करायचं नाही. ओली फांदी, ओला बांबू, ॲल्युमिनियमची शिडी, सगळ्यांतून वीज येते. तार काळ्या आवरणाची आहे म्हणून धोका नाही असं समजू नकोस. पंधरा वर्षांच्या उन्हात ते आवरण तडकतं. महावितरणला 1912 वर फोन कर, तक्रारीचा क्रमांक लिहून घे, आणि त्यांच्या माणसानं वीज बंद केल्याशिवाय कापू देऊ नकोस. रस्त्यावरची उच्च दाबाची लाइन असेल तर तिला स्पर्श होण्याचीही गरज नाही, जवळ गेलं तरी विजेची ठिणगी अंतर ओलांडून येते. देव न करो, पण कुणी तारेला चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही. आधी वीज बंद, मग 108.

नारळींची काळजी वेगळी. त्यांना छाटणी नसतेच. वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोया आणि तयार नारळ पावसाआधी उतरवून घ्यायचे, बस. हिरव्या झावळ्या ‘स्वच्छ दिसेल’ म्हणून कुणी कापत असेल तर थांबव. त्यावर झाडाचं पीक असतं, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. नारळाला वाढायची जागा एकच, शेंड्यातली सुई. ती गेली की झाड गेलं.

तुला स्वतःला काही करायचंच असेल (तू करणार, मी ओळखते तुला) तर एक मर्यादा घालून घे. पाय जमिनीवर, फांदी अंगठ्याएवढी. सिकेटर आण, लांब दांड्याची करवत आण, शेवग्याचं आणि जास्वंदीचं सगळं तुला जमेल. शेवग्यावर मात्र कुणालाच चढू देऊ नकोस, त्याचं लाकूड काही न सांगता कडकन मोडतं. कण्हेर कापलीस तर हात धू आणि तिच्या काटक्या जाळू नकोस, धूरही विषारी असतो. आंब्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस. भिंतीच्या फटीत उंबर उगवलाय ना, तो आताच काढ, बोटाएवढा असताना. दोन वर्षांनी भिंत पाडावी लागेल.

कायद्याचं राहिलंच. तू नगरपरिषदेच्या हद्दीत आहेस, म्हणजे तिथे 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा लागतो. झाड तुझ्या दारात आहे, लावलंही तुझ्या आजेसासऱ्यांनी, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि त्या कायद्यात तोडण्यात झाडाला इजा करणंही येतं. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरली जातात. तुझा आंबा त्यात बसेल. तेव्हा नगरपरिषदेत वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज दे, ज्या फांद्या काढायच्या त्यांचे फोटो लाव आणि पोच घे. तातडीचं काही झालंच तर आधी फोटो काढ, मग फांदी बाजूला कर, आणि लगेच कळव. गावाकडच्या वाडीतल्या फणसाला आणि सागाला मात्र 1964 चा वेगळा कायदा आहे, तिथे वनखात्याला विचारायचं.

गुलमोहराबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते तुला आवडणार नाही. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. फाटकाशी, शाळेच्या रिक्षा जिथे थांबतात तिथेच उभा आहे. त्याचं बेचकं फाटायला लागलं असेल किंवा बुंधा पोकळ वाजला, तर छाटणीनं भागणार नाही. मग परवानगी काढून तो उतरवावा लागेल, आणि त्या जागेवर बकुळ किंवा सुरंगी लावायची, भिंतीपासून नीट अंतर सोडून. फुलं लाल असतात म्हणून त्याला सूट देऊ नकोस. पण आधी वाजवून बघ. चांगला भरीव असेल तर त्यालाही राहू दे.

मृग लागायला फार दिवस नाहीत. मोठी छाटणी आता नकोच, पावसात ताज्या जखमा कुजतात. ती दिवाळीनंतर ऊन पडलं की. आत्ता फक्त वाळलेलं, मोडलेलं, तारेजवळचं आणि ती कौलांवरची एक फांदी. सोमवारी 1912 आणि नगरपरिषदेचा अर्ज, दोन्ही उरक. आणि आंब्याच्या बुंध्याचे चारही बाजूंनी, त्या फांदीच्या वळीचा जवळून आणि गुलमोहराच्या बेचक्याचा खालून, असे फोटो काढून मला रात्रीपर्यंत पाठव. मी बघते, मग त्या माणसाला कधी बोलवायचं ते ठरवू.